गुन्हा खरा, डिटेक्टिव्ह कच्चा: जुन्या हॉलिवूडच्या विनोदी रहस्यपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमके कुठले चित्रपट?

साधारण १९२० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत हॉलिवूडने असे चित्रपट खोऱ्याने काढले. एक खून होतो, किंवा चोरी. पोलीस उशिरा तरी येतात, नाहीतर चुकीच्या माणसाला धरतात. मग तपासाचं घोंगडं अशा माणसाच्या गळ्यात पडतं ज्याचा त्या कामाशी काडीचा संबंध नाही: लहान बाळांचे फोटो काढणारा, सोडा-सरबताच्या काउंटरवरचा पोऱ्या, छापखान्यातला कंपोझिटर, घरोघर फिरून लोकांची मतं गोळा करणारा. तो भित्रा असतो, वेंधळा असतो, वर स्वतःला मोठा डिटेक्टिव्ह समजत असतो. उंटावरचा शहाणा म्हणा ना. आणि शेवटी गुन्हेगार सापडतो, पण बहुतेक वेळा कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणून.

यात रहस्य महत्त्वाचं की विनोद?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सुरुवातीलाच. माझं मत ठाम आहे: खून खरा हवा. खुनी खरोखरच घातकी हवा. वाड्यातला अंधार खराखुरा अंधार हवा. गंमत फक्त त्या अंधारात सापडलेल्या माणसाची.

१९३९ चा ‘द कॅट अँड द कॅनरी’ पाहा. लुइझियानातल्या दलदलीतलं एकाकी घर, मालकाला मरून दहा वर्षं झालेली, मध्यरात्री मृत्युपत्र वाचायला नातेवाईक जमलेले. गेल सोंडरगार्ड ही घर सांभाळणारी बाई अशा थंड चेहऱ्याने वावरते की विनोदी नायक बॉब होपची बडबड काढून टाकली तर उरलेला सगळा चित्रपट सरळसरळ भयपट होईल. दिग्दर्शक इलियट न्यूजंट याने भुताटकीची कुठेही थट्टा केलेली नाही. म्हणूनच होप जेव्हा घाबरून काहीतरी बरळतो, तेव्हा आपलं हसू जरा जास्तच मोठ्याने बाहेर पडतं, कारण आपणही आत कुठेतरी टरकलेलो असतो.

जिथे खुनीच विदूषक असतो तिथे हा प्रकार फसतो. नायकही मूर्ख, खलनायकही मूर्ख, मग धोका कुणाला?

सुरुवात कशापासून करावी?

‘शर्लॉक ज्युनियर’, १९२४. बस्टर कीटनचा मूकपट, जेमतेम ४५ मिनिटांचा. या सगळ्या वंशावळीचा मूळपुरुष मी यालाच मानतो.

कीटन यात एका छोट्या थिएटरातला ऑपरेटर आहे. फिल्म चालवायची, झाडूही मारायचा, आणि उरलेल्या वेळात ‘डिटेक्टिव्ह कसे व्हावे’ छापाचं पुस्तक वाचायचं. एका मुलीवर त्याचं प्रेम आहे. तिला द्यायला तो एक डॉलरची चॉकलेटची पेटी घेतो आणि तिच्यावरच्या १ या आकड्याला दोन रेघा मारून त्याचा ४ करतो. एवढीच एक छोटी लबाडी. तिकडे त्याचा प्रतिस्पर्धी मुलीच्या वडिलांचं घड्याळ चोरतो, गहाण ठेवतो, आणि गहाणाची पावती कीटनच्या खिशात सरकवतो. पावतीवर रक्कम किती? चार डॉलर. आता आपले डिटेक्टिव्ह पुस्तकातला नियम काढतात: सगळ्यांची झडती घ्या. झडतीत पावती निघते ती स्वतःच्याच खिशातून, आणि पेटीवरचा तो ४ चा आकडा त्याच्यावर उलटतो. पटकथा लिहायला शिकणाऱ्याने ही दहा मिनिटं दहादा पाहावीत. एका पेन्सिलीच्या रेघेतून विनोद, पुरावा आणि नायकाची फजिती, तिन्ही एकदम निघतात.

पुस्तकातला पुढचा नियम: संशयिताचा अगदी जवळून पाठलाग करा. कीटन तो शब्दशः पाळतो. पुढच्या माणसाच्या पाठीला चिकटून, त्याच्या पावलावर पाऊल टाकत, तो अडखळला की आपणही अडखळत.

मग तो मशीनजवळ झोपी जातो, स्वप्नात पडद्यात शिरतो आणि तिथे जगातला सर्वश्रेष्ठ डिटेक्टिव्ह होतो. बिलियर्डच्या टेबलावर १३ नंबरच्या चेंडूत स्फोटक भरून ठेवलेलं असतं. हा गडी बाकीचे सगळे चेंडू भोकात घालतो आणि १३ ला नखसुद्धा लागू देत नाही. पाहणाऱ्या खलनायकांची कोण घालमेल!

त्यातले स्टंट खरे आहेत का?

हो. पाण्याच्या टाकीचा प्रसंग आहे: रेल्वेच्या डब्यावरून धावत येऊन कीटन टाकीच्या नळाला लटकतो, पाण्याचा लोट अंगावर कोसळतो आणि तो रुळांवर आपटतो. तेव्हा नुसतं डोकं दुखलं म्हणून त्याने काम चालू ठेवलं. मान मोडली होती हे अनेक वर्षांनी एका डॉक्टरने क्ष-किरण तपासणीत सांगितलं, तोवर हाड आपोआप जुळूनही आलं होतं. तो शॉट चित्रपटात आहे.

बॉब होपचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण पडद्यावरचा भित्रेपणा त्याने कलेच्या पातळीवर नेला. त्याच्याआधीचे विनोदी नट घाबरले की पळायचे, पडायचे, डोळे वटारायचे. होप घाबरला की बोलतो. आपल्याकडे ‘उसनं अवसान’ म्हणतात ना, त्याचं याच्याइतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एवढी मोठी रिकामी घरं पाहून भीती नाही वाटत, असं ‘कॅट अँड द कॅनरी’त कुणी विचारतं, तर हा म्हणतो, मला कसली, मी नाटक-तमाशाच्या दौऱ्यांवर होतो. म्हणजे रिकाम्या थिएटरांची सवय आहे. विनोद स्वतःवर, आणि घशाला पडलेली कोरडही ऐकू येते.

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्याच जोडीचा ‘द घोस्ट ब्रेकर्स’ आला: होप आणि पॉलेट गोडार्ड. यात होपच्या पात्राचं नाव लॉरेन्स लॉरेन्स लॉरेन्स. आईवडिलांना दुसरं नाव सुचलं नाही म्हणे. आपल्या हातून एक गुंड मेला असं वाटून हा नायिकेच्या ट्रंकेत लपतो, आणि ट्रंकेसकट बोटीवरून क्युबाला पोहोचतो. तिथल्या किल्ल्यात झोंबी असतात. झोंबी म्हणजे मेलेल्या डोळ्यांनी, काय करतो याची समज आणि पर्वा न ठेवता हुकूम पाळत फिरणारा माणूस, असं कुणीतरी समजावून सांगतं. होप विचारतो, म्हणजे डेमोक्रॅट्ससारखे? त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. टाळ्या कुणी वाजवल्या आणि नाकं कुणी मुरडली याचा अंदाज बांधा.

माझा आवडता मात्र ‘माय फेव्हरिट ब्रुनेट’, १९४७. इथे होप सॅन फ्रान्सिस्कोत बाळांचे फोटो काढणारा रॉनी जॅक्सन. शेजारच्या ऑफिसात खराखुरा प्रायव्हेट डिटेक्टिव्ह बसतो, आणि ती भूमिका घटकाभरासाठी करून जातो ॲलन लॅड, जो त्या काळात अशाच करड्या गुन्हेपटांचा नायक होता. तो बाहेर जातो, रॉनी त्याच्या खुर्चीत टेकतो, तेवढ्यात डोरोथी लामूर दार उघडून मदत मागायला येते. खुर्चीचाच दोष! खलनायकांत पीटर लॉरी आणि लॉन चेनी ज्युनियर, दोघेही असल्या कामात मुरलेले, आणि दोघेही गंभीरपणेच काम करतात. लॉरी चाकूबरोबर पुस्तकही बाळगतो, कारण त्याला अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आहे. सगळी कथा रॉनी फाशीच्या कोठडीत बसून पत्रकारांना सांगतो आहे, हे विसरू नका. शिक्षा टळल्यावर ज्याचा हिरमोड होतो तो जल्लाद कोण, हे इथे फोडत नाही.

प्रत्येक वेळी पडका वाडा, मृत्युपत्र आणि सरकती भिंतच का?

कारण हे सगळं नाटकातून आलं. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९२० साली ‘द बॅट’ आणि १९२२ साली ‘द कॅट अँड द कॅनरी’ तुफान चालली. नाटकाला एकच दिवाणखाना परवडतो. मग सगळी माणसं त्यात कोंडायची, बाहेर वादळ सोडायचं, वीज घालवायची आणि पुस्तकांच्या कपाटामागून एक हात काढायचा. स्टुडिओंनाही हे सोयीचं, कारण सेट एकदा उभारला की चित्रपट उरकला. त्या काळी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती आणि जोडीतल्या दुसऱ्या, तासा-सव्वातासाच्या चित्रपटावर खर्च बेताचाच करायचा असे.

मृत्युपत्राचं कारण तर आपल्याला समजावून सांगायला नको. दहा नातेवाईक एका खोलीत आणि मधे इस्टेट, एवढं पुरतं.

ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीचं काय पाहावं?

दोन चित्रपट. पहिला ‘होल्ड दॅट घोस्ट’, १९४१. एका गुंडाच्या मरणाच्या वेळी शेजारी असल्यामुळे त्याची सगळी मालमत्ता या दोन खुळ्यांना मिळते. गुंड म्हणायचा, माझे पैसे माझ्या डोक्यात असतात. त्याचं टोपणनाव मूस, आणि भिंतीवर मूस या प्राण्याचं पेंढा भरलेलं मुंडकं. पुढचं तुम्ही जुळवा. यातच तो मेणबत्तीचा प्रसंग आहे. टेबलावरची मेणबत्ती आपोआप सरकते, पण लू कॉस्टेलो पाहत असतानाच. त्याला ओरडायचं असतं आणि घशातून फक्त हवा येते. बोबडी वळणं म्हणजे काय हे पाहायचं तर ते इथे. हा प्रकार इतका गाजला की १९४८ मध्ये फ्रँकेनस्टाइनबरोबरच्या चित्रपटात त्यांनी तो पुन्हा केला.

दुसरा ‘हू डन इट?’, १९४२. रेडिओ स्टेशनच्या इमारतीत सोडा विकणारे दोघे, रेडिओवर रहस्यमालिका लिहिण्याची हौस, आणि स्टेशनात खून झाल्यावर आपणच डिटेक्टिव्ह म्हणून पुढे होणं. यातला विजेच्या वॉटचा आणि इंग्रजीतल्या ‘व्हॉट’चा घोळ अनुवादात मरतो, पण दहावीत विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या कुणालाही तो लगेच कळेल. शिवाय पब्लिक फोनची ती गंमत. कॉस्टेलोला याच शहरातला एक नंबर हवा आहे आणि ऑपरेटर दर वेळी लाइन एंगेज्ड सांगते, तर बाकीचे लोक येऊन जगाच्या टोकाला फोन लावून जातात. एसटीडी बूथच्या काचेच्या पेटीत उभं राहिलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

रेडिओचा एवढा संबंध का येतो?

तेव्हा घरोघरी रहस्यमालिका रेडिओवरच ऐकल्या जायच्या. त्यामुळे खोटा डिटेक्टिव्ह कोण, तर रेडिओवर डिटेक्टिव्हचं काम करणारा नट, ही कल्पना सगळ्यांना आपसूक समजायची. रेड स्केल्टनने एमजीएमसाठी अशा पात्राचे तीन चित्रपट केले: ‘व्हिसलिंग इन द डार्क’ (१९४१), ‘व्हिसलिंग इन डिक्सी’ (१९४२) आणि ‘व्हिसलिंग इन ब्रुकलिन’ (१९४३). पहिल्यात एका बनावट पंथाचा म्होरक्या, कॉनराड फाइट, त्याला पळवून नेतो. मागणी अशी की तू रेडिओवर रोज खून सोडवतोस, मग आम्हाला कधीच न सुटणारा खून आखून दे. तिन्हींत पहिलाच खरा चांगला. बेसबॉल आवडत असेल तर तिसरा पाहा.

यात बायकांनी फक्त किंचाळायचं असतं का?

असा समज आहे खरा, आणि पोस्टरही तसेच असायचे. पण जरा लक्ष देऊन पाहा. ‘शर्लॉक ज्युनियर’मध्ये नायक स्वप्नात मोटारसायकली उडवत असतो तेव्हा मुलगी काय करते? ती ज्याच्याकडे घड्याळ गहाण पडलं त्या दुकानात जाते आणि विचारते, हे कुणी आणलं होतं? दुकानदार दाखवतो. संपलं प्रकरण. आख्ख्या चित्रपटातला खरा तपास तेवढाच, आणि तो तिने एका प्रश्नात केला. नायक जागा होतो तेव्हा ती हीच बातमी सांगायला त्याच्या केबिनच्या दारात उभी असते.

१९३८ च्या ‘द मॅड मिस मँटन’मध्ये बार्बरा स्टॅनविक श्रीमंत घरची मुलगी आहे. तिला प्रेत दिसतं, पोलीस येईपर्यंत ते गायब होतं आणि वर्तमानपत्रवाला हेन्री फोंडा हिची टर उडवतो. मग ती मैत्रिणींची फौज घेऊन स्वतःच शोधायला निघते. मैत्रिणी अंधाऱ्या घरात शिरताना फर कोट सोडत नाहीत.

सगळ्यात गोड मात्र ‘लेडी ऑन अ ट्रेन’, १९४५. डीआना डर्बिन रहस्यकादंबरी वाचत न्यूयॉर्कला येते आहे. गाडी रेंगाळते, समोरच्या खिडकीत एक माणूस दुसऱ्याला मारताना दिसतो. ती पोलीस चौकीत धावते. तिथला अंमलदार तिच्या हातातल्या कादंबरीकडे पाहतो आणि विषय तिथेच संपतो. मग ती कुणाकडे जाते? त्या कादंबरीच्या लेखकाकडे! गुन्हे लिहिणारा गुन्हा सोडवेलच, हा तिचा हिशेब. लेखकाला त्यातलं काही येत नसतं, हा चित्रपटाचा हिशेब. मूळ कथा ‘सेंट’ या नायकाच्या रहस्यकथा लिहिणाऱ्या लेस्ली चार्टरिसची. गाडीतून खून दिसण्याची कल्पना वाचून ॲगाथा ख्रिस्तीच्या चाहत्यांचे कान टवकारले असतील, पण ख्रिस्तीची ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ १९५७ ची.

आणि विनोदी नटी ग्रेसी ॲलन. त्या बाईच्या डोक्यातलं तर्कशास्त्र इतकं स्वतंत्र होतं की लेखक एस. एस. व्हॅन डाइनने आपला अतिशहाणा डिटेक्टिव्ह फायलो व्हान्स तिच्यासमोर बळी दिला. १९३९ च्या चित्रपटात ती त्याला सतत ‘फायडो’ म्हणते, जे तिकडे कुत्र्याचं नाव.

‘द थिन मॅन’ किंवा ‘पिंक पँथर’ चित्रपटांतला इन्स्पेक्टर क्लूसो यात मोडतात का?

काटेकोर बोलायचं तर नाही. ‘द थिन मॅन’ (१९३४) मधला निक चार्ल्स निवृत्त व्यावसायिक आहे आणि दारू कितीही प्यायला तरी त्याची बुद्धी तल्लख असते. हौशी म्हणायची तर त्याची बायको नोरा. जाता जाता: थिन मॅन म्हणजे निक नव्हे, तर त्या पहिल्या कथेतला बेपत्ता शास्त्रज्ञ. पण नाव चिकटलं आणि १९४७ पर्यंतच्या सहाही चित्रपटांवर राहिलं. क्लूसो तर चक्क पगारी पोलीस. वेंधळा खरा, पण हौशी नाही.

शेवटी गुन्हेगार नेहमी पकडला कसा जातो?

सुटू देण्याची परवानगीच नव्हती. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड कडकपणे लागू झाला. गुन्ह्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, खुनाची पद्धत कुणी नक्कल करील अशी दाखवायची नाही. १९६८ मध्ये त्याच्या जागी वयोगटाची प्रमाणपत्रं आली. पण या बंधनाचा विनोदी रहस्यपटाला फायदाच झाला असं मला वाटतं. शेवट ठरलेला, म्हणून नायकाला वाटेल तितकं मूर्ख करता येतं. तो हरणार नाही याची हमी सरकारी शिक्क्यासारखी आधीच मिळालेली.

हमी काढून घेतली की काय होतं हे पाहायला हॉलिवूडला जायची गरज नाही. १९८३ चा ‘जाने भी दो यारों’: मुंबईतले दोन फोटोग्राफर, प्रेत, पुरावा म्हणून फोटो, सगळी सामग्री तीच. फक्त शेवटी तुरुंगाचे कपडे या दोघांच्या अंगावर असतात.

आज पाहताना खटकतं का काही?

खटकतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कृष्णवर्णीय नोकर म्हणजे भुताला घाबरून डोळे गरगर फिरवणारा, हा त्या चित्रपटांचा ठरलेला साचा. ‘घोस्ट ब्रेकर्स’मधला विली बेस्ट किंवा चार्ली चान मालिकेतला मँटन मोरलँड यांची विनोदातली वेळेची जाण होपच्या तोडीची होती, पण त्यांना संवाद मिळायचे ते अपमानाचेच. चार्ली चान हा चिनी डिटेक्टिव्हही बरीच वर्षं साकारला तो वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या नटाने. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे त्याचा थोरला मुलगा झालेला की ल्यूक. बापाच्या आधी धावून चुकीच्या माणसाला पकडणारा हा पोरगा या यादीतला खरा हौशी डिटेक्टिव्ह, आणि तो नट खरोखर चिनी वंशाचा होता.

रंगीत काही नाही का? घरात काळा-पांढरा म्हटलं की रिमोट हिसकावला जातो.

‘द घोस्ट अँड मिस्टर चिकन’, १९६६. कॅन्ससमधलं छोटं गाव, तिथल्या वर्तमानपत्रात खिळे जुळवणारा डॉन नॉट्स, ज्याला वार्ताहर व्हायचं आहे. वीस वर्षांपूर्वी खून झालेल्या घरात एक रात्र काढायची आणि बातमी लिहायची. मध्यरात्री ऑर्गन आपोआप वाजू लागतो. नॉट्सचा चेहरा, गळा आणि गुडघे तीन वेगवेगळ्या तालांत थरथरतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांबरोबर पाहायला याच्यासारखा दुसरा नाही.

हे चित्रपट फुकट पाहणं बेकायदा आहे का?

सगळे नाही. ‘शर्लॉक ज्युनियर’ अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून सर्वांसाठी खुला आहे. ‘माय फेव्हरिट ब्रुनेट’च्या हक्कांचं २८ वर्षांनी नूतनीकरण करायचं राहून गेलं, त्यामुळे तोही. याचा तोटा असा की त्याच्या पुसट, कापलेल्या प्रती बाजारात रग्गड आहेत. पहिल्या पाच मिनिटांत पीटर लॉरीचे डोळे दिसत नसतील तर दुसरी प्रत शोधा.

इंग्रजी भराभर कळत नसेल तर?

होपचं बोलणं सबटायटल लावूनही निसटतं, ते माझंही निसटतं. तेव्हा पुन्हा कीटन. माझ्या आईला मी ‘शर्लॉक ज्युनियर’ लॅपटॉपवर लावून दिला होता. ती भाजी निवडत पाहत होती. शेवटी कीटन मुलीला जवळ कसं घ्यायचं ते समोर चाललेल्या चित्रपटात पाहून शिकतो: नायकाने हात धरला, यानेही धरला, नायकाने अंगठी घातली, यानेही घातली. मग पडद्यावर एकदम पुढचं दृश्य येतं आणि त्या जोडप्याच्या मांडीवर बाळं असतात. कीटन डोकं खाजवतो. आई गवारीची शेंग हातात तशीच धरून म्हणाली, “आता हे कुठल्या पुस्तकात बघणार?”